दोघांचाच पहिला रेल्वेप्रवास: आधी पोचायची वेळ, मग ठिकाण

साठी ओलांडलेल्या जोडप्याने टूर कंपनीशिवाय, मुलांशिवाय, फक्त दोघांनी देश बघायला निघायचं ठरवलं की पहिली यादी होते ती ठिकाणांची. काशी, प्रयागराज, अयोध्या, मग इतक्या लांब जातोच आहोत तर गया. ती यादी आठ दिवस बाजूला ठेवावी असा आमचा आग्रह आहे. पहिल्या प्रवासाला दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत: गाडी किती वाजता पोचते, आणि दोघांना खालचा बर्थ मिळतो का. ही दोन उत्तरं चांगली आली तर कुठलंही ठिकाण सुखाचं होतं. ती चुकली तर काशीतही पहिले दोन दिवस खोलीत झोपून जातात.

पोचण्याची वेळ का, ते आधी. पहाटे साडेतीनला उतरायचं म्हणजे तीनला उठायचं, म्हणजे अडीचपासून झोप नाही. अनोळखी स्टेशनवर अंधारात रिक्षा शोधायची, आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बारानंतर मिळते. त्याऐवजी सकाळी सहा ते दहाच्या मधे किंवा संध्याकाळी पाचच्या आत पोचणारी गाडी निवडा. असा नियम लावला की निम्म्या गाड्या आपोआप गळतात आणि निवड सोपी होते. शिवाय उशीर पोटात घ्यायला जागा राहते. सकाळी सातची गाडी तीन तास उशिरा आली तरी दहाच वाजतात. संध्याकाळी सातची गाडी तेवढीच उशिरा आली तर रात्रीचे दहा.

पहाटेची वेळ टळतच नसेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून ती आधी घेता येते, जास्तीत जास्त ४८ तासांसाठी, आणि काही ठिकाणी थोड्या तासांसाठीही. मोठ्या स्टेशनांवर ती लवकर भरते, म्हणून तिकीट कन्फर्म झाल्याबरोबर ती बघून टाकायची.

एकामागोमाग दोन रात्री गाडीत काढू नका. रात्रीच्या प्रवासानंतर पूर्ण दिवस मोकळा ठेवा, त्या दिवशी दर्शन नाही, बाजार नाही. एकाच दिवशी एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची योजनाही पहिल्या प्रवासात नको. पर्यायच नसेल तर दुसरं तिकीट काढताना दोन्ही पीएनआर जोडून घ्या. २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर नियमात बसणारा परतावा रद्द करण्याचं शुल्क न कापता मिळतो. पैसे परत मिळतात, पण दुसऱ्या गाडीत जागा मिळत नाही, हे ध्यानात असू द्या.

खालचा बर्थ

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला तरी चालेल.

आयआरसीटीसीवर कोटा निवडायच्या जागी ‘जनरल’ आपोआप आलेलं असतं. त्याच यादीत ‘लोअर बर्थ / सीनियर सिटिझन’ असा पर्याय आहे. साठ किंवा त्याहून जास्त वयाचे पुरुष आणि पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात थोडे खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात: स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थ्री टायर एसीत चार-पाच, टू टायर एसीत तीन-चार. बऱ्याचदा जनरलमध्ये वेटिंग दिसतं आणि या कोट्यात जागा शिल्लक असते. दोन्ही बघायची सवय लावून घ्या.

अट अशी की हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच चालतो. दोन जोडपी मिळून निघाली आणि उत्साहाने चौघांचं एकच तिकीट काढलं की कोट्याबाहेर गेली. दोन वेगळी तिकिटं काढा, भले डबे वेगळे आले तरी. तिकिटावर एक ज्येष्ठ आणि एक तरुण असं झालं तरी कोटा लागत नाही.

जनरल कोट्यातून काढायची वेळ आली तर पुढच्या पानावर एक पर्याय असतो: खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा. एक हवा की दोन, तेही सांगता येतं. ही खूण केली आणि तसे बर्थ नसतील तर तिकीटच निघत नाही, आणि ते चांगलंच आहे. मधला आणि वरचा बर्थ हातात घेऊन ‘गाडीत कुणीतरी बदलून देईल’ या आशेवर निघू नये. लोक देतात, पण त्यांच्यातही गुडघेदुखीवाले असतात. टीसीकडे एखादा खालचा बर्थ रिकामा राहिला असेल तर वरचा किंवा मधला मिळालेल्या ज्येष्ठाला तो देता येतो. त्यामुळे गाडी सुटल्यावर विचारायला मात्र संकोचू नका.

क्रमांकावरून बर्थ ओळखायला शिका. थ्री टायर एसी आणि स्लीपरमध्ये एका खणात आठ बर्थ असतात. क्रमांकाला आठने भागून बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ म्हणजे मधला, ३ किंवा ६ म्हणजे वरचा, ७ म्हणजे साइड लोअर, आणि बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर. टू टायरमध्ये सहाने भागायचं: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. ३३ आणि ३६ हे थ्री टायरमध्ये समोरासमोरचे दोन खालचे बर्थ झाले, दोघांना याहून चांगलं काही नाही. साइड लोअर ‘खालचा’च गणला जातो, पण तो लांबीला थोडा कमी असतो आणि दोन खुर्च्या आडव्या पाडून होतो, त्यामुळे कंबरेखाली सांधा टोचू शकतो. घडी घातलेलं ब्लँकेट तिथे अंथरलं की बरंच निभतं.

वर्गाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. रात्रीच्या प्रवासाला परवडत असेल तर टू टायर. फरक गादीचा नाही, मधल्या बर्थचा आहे. थ्री टायरमध्ये रात्री दहानंतर मधला बर्थ लावला की खालच्या माणसाला मान ताठ ठेवून बसता येत नाही. रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या, ॲसिडिटीमुळे मधेच उठून बसावं लागणाऱ्या माणसाला हे फार जाचक होतं. टू टायरमध्ये रात्रभर बसता येतं, पडदाही असतो. थ्री टायर इकॉनॉमीचं भाडं थोडं कमी असतं, पण डब्यात बर्थ जास्त बसवलेले असल्याने जागा आणखी आखडते, ती टाळा. फर्स्ट एसीत दोघांचं कूपे असतं हे खरं, पण ते मिळणार की चौघांची केबिन, हे चार्ट लागतानाच ठरतं. दिवसाच्या सहा-सात तासांच्या प्रवासाला चेअर कार उत्तम.

भाड्यातली सवलत हिशेबात धरू नका. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के मिळणारी ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली. वय मात्र तिकिटावर खरं आणि ओळखपत्राप्रमाणेच घाला, कारण खालच्या बर्थचा हक्क वयावरच ठरतो.

साठ दिवसांचं वेळापत्रक

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. प्रवासाचा दिवस मोजायचा नाही. २० जानेवारीला निघायचं असेल तर २१ नोव्हेंबरच्या सकाळी तिकीट काढायचं. पाच टप्प्यांचा प्रवास म्हणजे पाच वेगवेगळ्या सकाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक टप्प्याची तारीख, गाडी क्रमांक, आणि जागा नाही मिळाली तर पर्यायी गाडी, असं तिथल्या तिथे लिहून ठेवा. जायचं तिकीट मिळालं आणि यायचं राहिलं, हा गोंधळ याच कारणाने होतो: परतीचं आरक्षण तेवढेच दिवस उशिरा उघडतं आणि तोवर लक्ष उडालेलं असतं.

खातं आधारशी जोडून घ्या. ऑनलाइन तात्काळसाठी जुलै २०२५ पासून आणि नेहमीचं आरक्षण उघडतानाच्या पहिल्या वेळेसाठी ऑक्टोबर २०२५ पासून आधार पडताळणी लागते. प्रवाशांची नावं आणि वयं ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधीच भरून ठेवली तर आठ वाजता टाइप करत बसावं लागत नाही. पैसे यूपीआयने भरले तर सेवाशुल्कही कमी लागतं: एसीला २० रुपये आणि जीएसटी, इतर मार्गांनी ३०.

तात्काळवर पहिला प्रवास आखू नका. एसीचं तात्काळ आदल्या दिवशी दहाला आणि बिगर एसीचं अकराला उघडतं, जागा थोड्या असतात, आणि कन्फर्म तात्काळ रद्द केलं तर परतावा नाही.

वेटिंगचे प्रकारही सारखे नसतात. गाडी जिथून सुटते तिथल्या यादीला जीएनडब्ल्यूएल म्हणतात, ती बरीच सरकते. मधल्या स्टेशनांची आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल फार कमी सरकते. म्हणून शक्य तिथे तुमच्याच गावाहून सुटणारी गाडी घ्या. कोल्हापूर, मिरज भागातल्या मंडळींना तिरुपतीसाठी कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया एक्सप्रेस यासाठीच सोयीची. मुंबईहून येणारी गाडी तुम्हाला सोलापूरला पकडायची असेल आणि सोलापूरहून जागाच नसेल, तर तिकीट मुंबईहून काढून बोर्डिंग स्टेशन सोलापूर टाकायचं. चार पैसे जास्त जातात, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते. बोर्डिंग स्टेशन मात्र न विसरता बदला. नाहीतर मुंबईला प्रवासी आले नाहीत असं धरून टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. तिकीट काढल्यानंतर बदलायचं असेल तर गाडी सुटण्याआधी ठरावीक मुदतीपर्यंत बदलता येतं.

आरएसी म्हणजे गाडीत चढता येतं, पण साइड लोअरवर दोघांनी बसून. दोघांनाही आरएसी मिळालं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, तर रात्र बसून काढायची तयारी हवी. आम्ही तरी त्या तिकिटावर रात्रीचा प्रवास करू नका असंच सांगू.

मध्यरात्रीची तारीख हा जाणत्यांनाही चकवणारा भाग आहे. गाडी रात्री १२ वाजून १० मिनिटांनी सुटत असेल आणि तिकिटावर १५ तारीख असेल, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री जायचं. मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्सप्रेस अशीच मध्यरात्र उलटल्यावर सुटते. तिकीट हातात आलं की लगेच त्यावर ‘शनिवार रात्रीचं जेवण करून निघायचं’ असं मराठीत लिहून ठेवा.

आणि स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. मुंबईत सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार. वाराणसी जंक्शन वेगळं आणि बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, वेगळं. मंगळुरूला सेंट्रल आणि जंक्शन, एर्नाकुलमला जंक्शन आणि टाऊन. हॉटेल घेण्याआधी उतरण्याचं स्टेशन नकाशावर बघून घ्या.

पहिल्यांदा कुठे

मुंबई, ठाणे, पनवेल परिसरातून निघणाऱ्यांना आम्ही कोकण-केरळ सुचवू, कारण जाताना हा सगळा मार्ग गाडीत रात्र न काढता टप्प्यांत करता येतो. पहिला टप्पा मडगाव. वंदे भारत किंवा जनशताब्दी पहाटे निघते. इतक्या लवकर नको असेल तर मांडवी एक्सप्रेस सकाळी निघून संध्याकाळी पोचते, आणि तिच्या पॅन्ट्रीच्या खाण्याची ख्याती आहेच. समुद्र दिसेल या अपेक्षेने मात्र बसू नका. कोकण रेल्वे खाड्या, पूल आणि बोगद्यांतून जाते. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पुढे पानवलचा पूल सुमारे ६४ मीटर उंच.

मडगावला दोन रात्री, मग उडुपी. मडगाव-मंगळुरू वंदे भारत उडुपीला थांबते, चार तासांच्या आत पोचवते. उडुपीत मठ बघून, हवं तर कोल्लूरला मूकांबिकेला जाऊन, मंगळुरूला मुक्काम. तिथून सेंट्रलवरून सकाळी सुटणाऱ्या वंदे भारतने त्रिशूरला, गुरुवायूर तिथून रस्त्याने जवळ आहे. मग तिरुवनंतपुरम, आणि कन्याकुमारी गाडीने दोन-अडीच तासांवर. परत येताना तिरुवनंतपुरमहून नेत्रावती एक्सप्रेस: सकाळी निघते, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मुंबई. पूर्ण प्रवासात एकच रात्र गाडीत जाते, तीही परतताना, म्हणून त्या रात्रीला टू टायर घ्या.

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या धोक्यामुळे गाड्या हळू चालवतात, वेळा बदलतात, काही गाड्या आठवड्यातून कमी दिवस धावतात. वरची आखणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठीच धरा.

फलाटावर आणि डब्यात

दोघांनी मिळून एक मोठी पेटी न घेता प्रत्येकी एक, आठ-दहा किलोपर्यंतची बॅग घ्या, चाकं असलेली, २२ इंचांपर्यंतची. टू टायरमध्ये माणशी ५० किलो आणि थ्री टायरमध्ये ४० किलो सामान मोफत नेता येतं, पण प्रश्न रेल्वेच्या मर्यादेचा नाही. जी बॅग तुम्हाला एकट्याने तीन पायऱ्या वर चढवता येत नाही ती जड आहे, एवढंच माप धरा. मोठी पेटी बर्थखाली जातही नाही. बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात, कुलूप-साखळी बरोबर ठेवा.

स्टेशनवर पाऊण तास आधी या. डब्यांची अक्षरं: एच फर्स्ट एसी, ए टू टायर, बी थ्री टायर, एम इकॉनॉमी, एस स्लीपर, सी चेअर कार. मधल्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटंच थांबते, म्हणून आपला डबा कुठे येणार ते फलाटावरच्या फलकावर किंवा एनटीईएस या रेल्वेच्या गाडी-चौकशी ॲपवर बघून तिथेच उभं राहायचं. फलाट ऐनवेळी बदलू शकतो, गाडीची घोषणा होईपर्यंत पुलाच्या किंवा लिफ्टच्या जवळ थांबलेलं बरं. विशाखापट्टणमसारख्या स्टेशनांवर काही गाड्यांची दिशा उलटते आणि पुढचा डबा मागे जातो. तिथे खाली उतरून पाय मोकळे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हमाल करायला मागेपुढे पाहू नका. सामान उचलण्याआधी दर ठरवा, दरपत्रक स्टेशनवर लावलेलं असतं. बिल्ला बघून घ्या. व्हीलचेअरसाठी उपस्टेशन अधीक्षकांच्या कार्यालयात विचारायचं, मोठ्या स्टेशनांवर बॅटरीची गाडीही मिळते.

चढताना आधी एकाने रिकाम्या हातांनी चढायचं, मग सामान वर, मग दुसऱ्याने. उतरताना तोंड डब्याकडे, पाठ फलाटाकडे, दोन्ही हात दांड्यांवर, शिडी उतरल्यासारखं. छोट्या स्टेशनांवर फलाट खाली असतो आणि शेवटची पायरी अंदाजापेक्षा खोल निघते. गुडघ्यांना आणि घोट्यांना इथेच इजा होते.

एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे डबे, सुटताना आणि थांबताना हिसका देतात. स्टेशन जवळ आलं की उभं राहून बॅगा काढू नका. अर्धा तास आधी, गाडी एका वेगात असताना सगळं आवरून बसा. शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात राखीव वेळ ठेवलेला असतो, त्यामुळे उशिरा चाललेली गाडी अचानक वेळेवर पोचते. ‘एक तास लेट आहे’ म्हणून झोपून राहू नये. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर उतरण्याच्या स्टेशनचा गजर लावता येतो.

रात्री शौचालयात जाताना जोडीदाराला सांगून जा, रबरी तळाची चप्पल घाला, एक हात दांडीवर ठेवा. फरशी ओलीच असते असं समजा. जैव शौचालयात कागद किंवा बाटली टाकली की ते तुंबतं.

एसीत थंडी वाजतेच. चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं, तरी कानाला मफलर आणि पायमोजे हवेतच. स्लीपरमध्ये यातलं काही मिळत नाही.

औषधांचे दोन संच करा, एक प्रत्येकाच्या हातपिशवीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. झोपेत सीपॅप मशीन लावणाऱ्यांनी स्वतःची बॅटरी न्यावी. आगीच्या धोक्यामुळे रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याच्या सूचना आहेत आणि मशीन मधेच बंद पडू शकतं. विजेची किटली गाडीत लावायला बंदी आहे. तब्येत बिघडली तर टीसीला सांगा आणि १३९ वर फोन करा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर येतात.

खाण्याचं फार अवघड नाही. पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थोडा गूळ. बटाट्याची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी रात्रीपर्यंत आंबते. पुढे पीएनआर देऊन ई-केटरिंगवर मागवता येतं, जास्त वेळ थांबणारं स्टेशन निवडा. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना.

तिकिटावरच्या कुणाही एकाचं मूळ ओळखपत्र पुरतं, डिजीलॉकरमधलं आधारही चालतं. तरी दोघांनीही आपापलं ठेवा, हॉटेलमध्ये दोघांचंही मागतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचंच नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरला तर पूर्ण पैसे मिळतात. सुटल्यावर भरून उपयोग नाही.

मुंबईकरांनी परतताना उतरायचं स्टेशनही आधी ठरवावं. नेत्रावती पनवेल आणि ठाण्यालाही थांबते. नवी मुंबई, पनवेलकडच्यांनी कुर्ल्याच्या टर्मिनसपर्यंत जाऊन पुन्हा मागे यायची गरज नाही. मात्र तिथला थांबा थोडाच असतो, म्हणून पनवेलला उतरणाऱ्यांनी रोहा गेलं की बॅगा दाराजवळच्या खणापर्यंत आणायला सुरुवात करावी.